लाल पत्रिकेचा बदाम

वहिनीच्या नव्या घरात चपला काढायच्या आधीच मला तो दिसला. तेलीबांध्याचा तलाव खिडकीतून दिसतो म्हणून आलेला पाहुणा आधी खिडकीकडे धावतो. माझी नजर मात्र थेट टीव्हीच्या वरच्या भिंतीवर गेली. काचेच्या चौकटीत लाल कागदाचा एक बदाम. कडा मऊ पडलेल्या, लाल रंग विटून विटकरी झालेला. मधली अक्षरं कधीकाळी सोनेरी चमकीची होती. चमकी झडून गेली, पण खाली मैद्याच्या खळीनं गिरवलेले वेडेवाकडे ठसे उरले आहेत आणि अजून वाचता येतात. आई लव यू.

मी हेवेखोर बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. वय झालं की माणसं निवळतात म्हणे. मी काही निवळले नाही. पण वहिनीच्या या सातव्या मजल्याचा, लिफ्टचा, तलावावरून येणाऱ्या वाऱ्याचा मला काडीचाही हेवा वाटला नाही. वाटला तो त्या कागदाचा. चौबे कॉलनीतल्या भाड्याच्या घरात तो आरशाच्या फटीत खोचलेला असायचा. पुढे शंकर नगरच्या घरात शोकेसमध्ये गेला, आणि आता चौकटीत बसून थेट भिंतीवर चढला. अकोल्याहून जेव्हा जेव्हा रायपूरला आले तेव्हा तेव्हा त्याला पाहून माझा जळफळाट झाला आहे.

"ताई, बसा ना, उभ्या काहून?" वहिनी म्हणाली.

मी बसले, पण भिंतीकडे पाठ करून.

तो बदाम झाला तेव्हा राज्य नवं होतं. आपण राजधानी झालो आहोत याची शहराला अजून सवय व्हायची होती. रोज कुठला ना कुठला रस्ता खणलेला असे. गाड्यांच्या पाट्यांवरचं एमपी जाऊन सीजी येत होतं, आणि चपलांच्या दुकानापासून पिठाच्या चक्कीपर्यंत जो तो आपल्या पाटीवर 'राजधानी' रंगवून घेत होता. माझा दादा रेल्वेत होता. वहिनीला नव्या मंत्रालयात टायपिस्टची नोकरी लागली होती. मंत्रालय तेव्हा एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत भरायचं, आणि पावसाळ्यात फायलींना अजून औषधांचा वास येतो असं ती सांगायची. मी अमरावतीहून त्यांच्याकडे आले होते. कशासाठी आले, किती दिवसांसाठी आले, ते आता विचारू नका. आले आणि राहिले. भाची मिनू तेव्हा पहिलीत होती, आणि भाचा गोलू शाळेच्या वयाचा व्हायचा होता.

सकाळी वहिनीची रिक्षा कोपऱ्यावरून वळली की ते घर माझं व्हायचं. गोलूच्या डोक्याला खोबरेल तेल थापायचं. दाण्याची चटणी कुटायची. दुपारी मिनू शाळेतून आली की दोघांना समोर बसवून वरणभात कालवायचा आणि एकाच ताटातून दोघांना आळीपाळीनं घास भरवायचे. अंगणात ऊन सरकत यायचं. स्टेशनाकडून डबे जोडल्याचा धाडकन आवाज यायचा. माघात बोरंवाली यायची, डोक्यावर टोपली आणि गळ्यात खडा सूर, "बोइर ले लो, बोइर!" पोरं खिडकीच्या गजांना लोंबकळून तिची नक्कल करायची. ती बोरं मीठ लावून पाट्यावर ठेचायची, आणि दिवसभर बोटांना आंबूस वास राहायचा. आता त्या गल्लीत तीन मजली इमारती आहेत आणि बोरंवाली कुठं गेली कोण जाणे.

मी पोरांशी मराठीत बोलायचे, पोरं मला हिंदीत उत्तर द्यायची. "जेवली का गं?" विचारलं की "हव, खा लिया." त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. वहिनीला एकच गोष्ट टोचायची. पोरं तिला मम्मी म्हणायची.

"माझ्या आईले मी आई म्हणत होती," एकदा ती केस विंचरता विंचरता म्हणाली. "अन् मले हे पोट्टे मम्मी म्हणून राहिले. ताई, तुम्ही घरी असता, शिकवा ना त्यायले."

मी शिकवायला घेतलं. कुणाच्या तोंडी काय बसवावं हे माझ्या हातात असतं तर मी 'आत्या' हाच एक शब्द बसवला असता, पण वहिनीनं सांगितलं म्हणून रोज दुपारी धडा. म्हण, आई. मिनूनं कपाळाला आठ्या घातल्या. "आई मतलब तो आ गई होता है ना, आत्या?" संध्याकाळी फाटक वाजलं. मी विचारलं, "कोण आलं, मिनू?" ती ओरडली, "मम्मी आई!" दादा हसून म्हणाला, "घे, दोन्ही म्हटलं पोट्टीनं." वहिनी हसली, पण कसंनुसं. माझा धडा तिथंच संपला.

फाटकाचा तो आवाज. खरं सांगायचं तर मला त्या आवाजाचाच राग होता. दिवसभर माझ्या मांडीवर लोळणारी पोरं कडी वाजली की हातातलं टाकून सुटायची. गोष्ट अर्धी, घास अर्धा, काही म्हणजे काही नाही. वहिनी घामेजलेली, दमलेली, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन यायची, आणि पोरं तिच्या पदरात तोंड खुपसायची. खाऊ घालायचं मी, नाक पुसायचं मी, आणि वास मात्र तिच्या पदराचा हवा! राबणाऱ्यानं राबावं आणि लाडानं दुसऱ्याच्या गळ्यात पडावं, ही कुठली रीत? मी स्वयंपाकघरात जाऊन कणीक तिंबायला घ्यायचे. त्या घरच्या पोळ्या मऊ व्हायच्या त्याचं हे एक कारण.

त्या वर्षी फेब्रुवारीत शंकर नगरात भेटवस्तूंचं एक दुकान नव्यानं उघडलं. दारात लाल फुग्यांची कमान, आत लाल कार्डं, मखमली अस्वलं, सगळीकडे बदामच बदाम. मी कशाला तरी तिकडे गेले होते, दोन्ही पोरं बोटाला. मिनू काचेला नाक लावून उभी राहिली.

"आत्या, ये सब किसके लिए है?"

मी तेव्हा बिनलग्नाची. दुकानात कॉलेजची पोरंपोरी घुटमळत होती आणि माझे कान तापले. म्हटलं, "ज्याच्यावर आपली माया असते ना, त्याले देतात. असा बदाम."

"बदाम तो खाते हैं ना?" गोलूनं विचारलं.

"हा पाहायचा बदाम. चला, आपण घरीच करू."

दुकानातल्यासारखा लाल कागद आम्हाला कुठून मिळणार? पण पलंगाखालच्या ट्रंकेत लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. एवढ्या चांगल्या पत्रिका टाकवत नाहीत म्हणून प्रत्येक घरात तेव्हा असा गठ्ठा असे. जाड, लाल, हळदीकुंकवाचे डाग पडलेल्या, अत्तर आणि डांबरगोळ्यांचा मिसळलेला वास असणाऱ्या. नियम एकच होता. गणपती कापायचा नाही. आधी कात्रीनं गणपती अलगद सोडवून घ्यायचा, पाया पडायचं, देवघरात नेऊन ठेवायचा, आणि मगच उरलेल्या पत्रिकेला हात लावायचा. दोन दुपारींत देवघरात गणपतींची ही गर्दी झाली. दादा संध्याकाळी दिवा लावायला गेला आणि म्हणाला, "हे एवढे कोठून आले?"

मी मैद्याची खळ शिजवली. तो कच्चट, उबदार वास अजूनही कुठं आला की मला ती फरशी दिसते. त्यावर पसरलेला जुना पेपर, माझे पाय लांब केलेले, आणि दोन्ही बाजूंना दोन डोकी. कागद मधोमध दुमडायचा, दुमडीवर अर्ध्या पिंपळपानासारखी रेघ काढायची, आणि कापायचं. हातात उरतं ते काहीच्या बाही दिसतं. मग उघडायचं. पहिला बदाम उघडला तेव्हा मिनूचं तोंड जे उघडं पडलं ते मिटेना. "आधा काटा और पूरा निकला!" त्यानंतर ती प्रत्येक बदाम उघडताना डोळे मिटून घ्यायची. गोलूनं बटाट्याचा ठसा पायाला लावायच्या लाल आळत्यात बुडवून पेपरावर, फरशीवर, स्वतःच्या पोटावर मारला, आणि मधूनमधून खळ चाटली. बदामांच्या पाठीमागं कुणाकुणाची नावं आली होती. एकावर बँडची वेळ होती. एकावर बोबड्या अक्षरांत छापलं होतं, 'जलूल-जलूल आना.' ते वाचून दाखवलं तर मिनू हसून हसून आडवी झाली.

सगळ्यांसाठी एकेक झाला. दादाला, शेजारच्या दीदीला, बोरंवालीलासुद्धा. एक मोठा मात्र मिनू एकटीच करत होती, पलंगाखाली पालथं पडून. फक्त पाय बाहेर. "आत्या, देखना मत." काडेपेटीच्या काडीनं खळीत ती काहीतरी लिहीत होती, आणि वरून चमकी भुरभुरवत होती. मी बघितलं नाही. मला बघायची गरजच नव्हती. तो माझा होता. शेजारीण आली तर मी मुद्दाम तिला म्हटलं, "ती काहीतरी मोठं करून राहिली बाई, आपल्याले दाखवत नाही." त्या संध्याकाळी पोरं वहिनीच्या पदराला झोंबली तरी मला काही वाटलं नाही. कणीकसुद्धा हलक्या हातानं मळली गेली.

चौदा तारीख उजाडली. दिवसभर मिनू इकडून तिकडे नाचत होती, आणि मी काही माहीत नसल्यासारखी. संध्याकाळी मी वाती वळत बसले होते. ती समोर आली, हात पाठीमागं. मग एकदम तो बदाम माझ्या हातात.

"पढ़ो, आत्या."

मी वाचलं. आई. पहिलाच शब्द, सगळ्यात मोठा, सगळ्यात जास्त चमकी त्याच्यावर. पुढं लव यू. पण पुढचं मला दिसलंच नाही नीट. मला वाटलं, लिहिलेलं बरोबर आहे का ते तपासायला आणलं आहे. मास्तरणीला पाटी दाखवतात तसं. खळ मी शिजवायची, कात्री मी धरायला शिकवायची, 'आई' हा शब्दसुद्धा मीच शिकवायचा, आणि बदाम कुणाला? म्हटलं, "छान लिहिलं. आईले दे."

"पर आत्या..."

तेवढ्यात कडी वाजली. मीच उठले, मीच दारात गेले, आणि वहिनीचा डबा काढून घेऊन तिच्या हातात तो बदाम ठेवला. "घ्या वहिनी. पाहा तुमच्या पोट्टीनं काय लिहिलं."

वहिनी उंबऱ्यातच उभी राहिली. वाचलं. मग तशीच खाली बसली, कोथिंबीर बाजूला सांडली, आणि मिनूला ओढून घट्ट धरून रडायला लागली. "आई म्हटलं माझ्या बाईनं. आई म्हटलं." मिनू तिच्या खांद्यावरून माझ्याकडं पाहत होती. मला वाटलं, शेखी मिरवते आहे. मी तोंड फिरवलं आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी उरलेली खळ नाल्यात ओतली आणि पत्रिका ट्रंकेत कोंबल्या.

पुढं माझं लग्न झालं. अकोल्याला माझा संसार झाला, मुलगा झाला. त्याला कात्री कागद द्यावा तर तो कागदाचा चेंडू करून मलाच मारायचा. एकुलता एक, गुणी आहे, पण बदाम त्याच्या हातून कधी झाला नाही. रायपूर वाढत गेलं. मंत्रालय शहराबाहेर नव्या राजधानीत गेलं, वहिनी तिथून निवृत्त झाली, आणि कागद मात्र घरामागून घर तिच्यासोबत राहिला.

तर परवा त्या नव्या घरात सोफ्यावर बसून मी हिरव्या हरभऱ्याचे घाटे सोलत होते. मिनू माहेरी आलेली, तिची लेक ईशू चार वर्षांची. मिनू तिची वेणी घालत होती. ईशूनं भिंतीकडं बोट केलं.

"मम्मा, वो लाल वाले में क्या लिखा है?"

मिनूनं वरही न पाहता, तोंडात रिबन धरल्या धरल्या म्हटलं, "आईलवयू."

एका दमात. मध्ये कुठंही न थांबता. टीव्हीवर, गाण्यात, रिक्षांच्या पाठीवर जसं म्हणतात, लिहितात, तसं. माझ्या हातातला घाटा तसाच राहिला. आम्ही मराठी शाळेत शिकलेली माणसं. इंग्रजीतला 'मी' आम्ही 'आय' असा लिहितो, आणि 'आई' दिसली की आम्हाला आईच दिसते. हिंदी शाळेत जाणाऱ्या त्या पोरीनं 'मी' लिहिला होता, तिथली सगळी दुनिया लिहिते तसा. त्या बदामावर कुणाचंच नाव नव्हतं. ज्याच्या हातात दिला, त्याचा तो.

मी मिनूला बाल्कनीत नेलं. खाली तलावाकाठी माणसं फिरत होती. विचारलं, "मिने, तो बदाम कोणासाठी केला होता गं तू?"

ती हसली. "आपके लिए, आत्या. आपके हाथ में ही तो दिया था. आपने उठा के मम्मी को पकड़ा दिया."

"मग सांगितलं काहून नाही?"

"कैसे बताती? मम्मी रो रही थी. इतना खुश मैंने उनको कभी देखा ही नहीं था." मग म्हणाली, "और मुझे लगा, आपको पसंद नहीं आया."

काय सांगू, पहिल्यांदा मला आनंदच झाला. निर्लज्ज, भरभरून आनंद. माझा होता! मग त्याच्या मागोमाग तिचं शेवटचं वाक्य आत उतरलं. सात वर्षांची पोर, हात पाठीमागं घेऊन उभी, आणि तिला वाटलं आत्याला आवडला नाही. आणि मग राग आला. इतकी वर्षं माझा बदाम दुसरीच्या भिंतीवर आहे, आणि मी येऊन येऊन त्याच्यावरच जळते आहे, म्हणजे कमालच झाली. मी मिनूला जवळ घेतलं, तिच्या केसांतून हात फिरवला, काहीतरी म्हणाले असेन. आणि तडक स्वयंपाकघरात गेले.

वहिनी पोह्यांना फोडणी घालत होती. मी आडवळण घेतलं नाही. "वहिनी, तो बदाम माझा आहे."

तिनं गॅस बारीक केला. वळून पाहिलं नाही. "माहीत आहे मले."

"माहीत आहे?"

"ताई, जन्मभर हिंदी टाईप केली मी. आई लव यू मले वाचता येत नाही का? उंबऱ्यात वाचलं तेव्हा चुकली. दोन दिवसांनी आरशात खोचताना परत वाचलं, अन् समजलं. मले तो मिनूनं नाही, तुम्ही दिला होता."

"मग दिला काहून नाही मले?"

"काहून देऊ?" आता ती वळली. हातात उलथणं. एवढ्या वर्षांत तिला माझ्याशी इतक्या जोरात बोलताना मी ऐकलं नव्हतं. "तुमच्या हातून जेवत होते, तुमच्यापाशी झोपत होते. गोलूले ताप आला तर आत्या, मिनू पडली तर आत्या. संध्याकाळी मी फाटकाशी उभी राहत होती, ताई. कडीले हात लावून. आतून तुम्हा तिघांचं हसणं ऐकू ये. मी कडी वाजवली का ते हसणं बंद. रोज. मले वाटे, आपण आलो का यांचा खेळ मोडते. एवढा जळफळाट होत होता माझा तुमच्यावर, का काय सांगू. एक तरी कागद पाहिजे होता मले, ज्याच्यावर आई लिहिलं आहे. चुकून का असेना."

फोडणी करपायला लागली होती. मीच पुढं होऊन पोहे टाकले. मला राग यायला हवा होता, आणि आलाही, पण थोडासाच. बाकी जे काही वाटत होतं ते भलतंच होतं. माझा कुणी हेवा करावा असं माझ्याजवळ कधी काही असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आणि ते सगळं होतं, त्या चौबे कॉलनीतल्या फरशीवर, खळीच्या वासात, दोन डोक्यांच्या मधोमध. फाटकाबाहेर उभं राहून कुणीतरी ते रोज ऐकत होतं.

वहिनीनं हात धुतले, पदराला पुसले, आणि बाहेरच्या खोलीत गेली. मी मागोमाग. तिनं चौकट भिंतीवरून काढली. मी दोन्ही हात पुढं केले, ईशू बघत होती तरी. वहिनीनं पदरानं काच पुसली, सावकाश, कोपऱ्यांपर्यंत.

"तुमचाच आहे, ताई," ती म्हणाली. "पण राहील इथंच."

आणि तिनं तो परत खिळ्याला अडकवला, दोन पावलं मागं सरली, आणि मलाच विचारलं, "सरळ आहे का?"

मी मुद्दाम वेळ लावून पाहिलं. मग म्हटलं, "डावी बाजू थोडी वर घ्या."